खर्च एजंटाचा

अकोला
१८ डिसेंबर १९५८

दादास मैनाचा जयभीम.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. आज रागवायची पाळी माझी आहे.

सुबक शिलाई मशीन कंपनीचे नवे इन्स्पेक्टर परवा मुंबईहून येऊन गेले. कमलाकांत त्यांचं नाव. माणूस तसा वाईट नाही. चहा घेतला, पाणी तर स्वतः मागून प्यायले, म्हणजे त्या बाबतीत काही खोट नाही. पण जाताना दुकानासमोर रस्त्यावर उभे राहिले आणि हिशोबाच्या वहीपेक्षा आपल्या ओट्याकडेच जास्त वेळ बघत बसले. मग म्हणाले, हा ओटा तोडा. दर्शनी भिंत पाडा. तिथे वरपासून खालपर्यंत काच लावा, आत निळा रंग द्या आणि मशीन काचेमागे मांडा. मुंबईत, पुण्यात, नागपुरात सगळ्या एजंटांनी असंच केलं आहे म्हणे.

मी विचारलं, हे करायचं कोणी? तर म्हणाले, तुम्हीच. आणि खर्च? त्यांनी बॅगेतून करारनामा काढला आणि अकरावं कलम वाचून दाखवलं. इमारतीचा, दुरुस्तीचा आणि सजावटीचा सर्व खर्च एजंटाचा. आता मी ते सही करताना वाचलं नव्हतं असं नाही. पण तेव्हा मला वाटलं होतं, दुरुस्ती म्हणजे पावसाळ्याआधी कौलं फिरवायची आणि वर्षातून एकदा चुना मारायचा. अख्खी भिंत पाडायला लावतील असं कोणाच्या मनात येईल?

मे अखेरपर्यंत काम झालं नाही तर एजन्सी ओमप्रकाश कापडवाल्यांकडे जाईल. त्यांच्या दुकानाला आधीपासूनच काच आहे आणि त्यांनी अर्जही करून ठेवला आहे.

दादा, तुला माहीत आहे, ही दोन खणांची जागा म्हणजे सासऱ्यांची जन्माची कमाई. जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलून पुंजाजीबाबांनी ती रस्त्यावर घेतली, तेव्हा लोक हसले होते. हे तोवर दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर मशीन मांडून शिवत होते. एजन्सी मिळाली तेव्हा कुठे आपल्या दारात बसले. ती गेली तर पुन्हा दुसऱ्याची पायरी. मी ती जाऊ देणार नाही, एवढं ठरवलं आहे. कसं ते अजून ठरलेलं नाही.

तू बांधकाम खात्यात कारकून. विटा-चुन्याचे कागद रोज तुझ्या टेबलावरून जातात. काय करावं ते लवकर कळव. वहिनींना जयभीम.

तुझी
मैना


अमरावती
२७ डिसेंबर १९५८

चि. मैनास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण रागात लिहिलेला कागद पुढे आपल्यालाच नडतो, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

आता शांतपणे ऐक. बदल कोणाला हवा आहे? कंपनीला. मग खर्च कोणाचा? कंपनीचा. तहसील कचेरीचं छप्पर गळायला लागलं तर तहसीलदार स्वतःच्या खिशातून कौलं आणतो का? तो वर कळवतो, आम्ही नकाशा आणि अंदाजपत्रक करतो, ते वर जातं, शिक्का होऊन खाली येतं आणि काम सुरू होतं. जगात कुठेही याच रीतीने भिंत उभी राहते. तुमचं ते अकरावं कलम लहानसहान डागडुजीसाठी असणार. तू उगाच घाबरलीस.

श्रावणरावांना सांगून जागेची लांबी, रुंदी, ओट्याची उंची, भिंतीची जाडी असं सगळं मोजून पाठव. मी इंग्रजीत नकाशा आणि अंदाजपत्रक तयार करतो, तीन प्रतींत, आणि तुझ्या नावाने कंपनीला सादर करतो. कागद बघूनच त्यांना कळेल की इथे विचारणारं कोणी आहे.

आणखी एक. मोर्शीच्या मुलींच्या शाळेत शिवणशिक्षिकेची जागा निघणार आहे. पगार महिन्याच्या महिन्याला, म्हातारपणी पेन्शन. मी जोर करत नाही. पण दुकान म्हणजे रोज उठून गिऱ्हाइकाची वाट बघायची. विचार करून ठेव.

तुझा
पंजाबराव


अकोला
२० जानेवारी १९५९

दादास जयभीम.

मापं सोबत पाठवली आहेत. यांनी दोनदा मोजली. दुसऱ्यांदा ओट्याची उंची बोटभर कमी भरली, तेव्हा म्हणाले, "भेवानं खाली बसला वाट्टे."

तू म्हणतोस तसे कागद कर. मला त्यातलं कळत नाही आणि तुझा त्यात हात चांगला आहे. पण खरं सांगू का, खर्च कंपनीने दिला तरी ओटा तोडायला माझं मन होत नाही.

हल्ली हंगाम आहे. कापूस विकून तेल्हाऱ्याच्या, पातूरच्या बाया मोटारीतून उतरतात त्या सरळ ओट्यावर येऊन टेकतात. गाठोडं सोडतात, पाणी पितात, कोणाची सून कशी निघाली ते सांगतात. मशीनचं नावसुद्धा काढत नाहीत. मी पण काढत नाही. ओट्यावर एक मशीन नेहमी उघडं ठेवलेलं असतं. बोलता बोलता कोणीतरी उठते, त्याच्यावर एक सरळ शिवण मारून बघते आणि रस्त्याने जाणाऱ्यांकडे एकदा पाहून घेते. तिथून पुढे भावाची गोष्ट. भाव ओट्यावर ठरायचा, दुकानात फक्त पैसे मोजायचे, ही आमच्याकडची रीत. आत येऊन एकदम किंमत विचारणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

काल तेल्हाऱ्याच्या सुंदराबाई आल्या होत्या. त्यांनी आजवर आपल्या गावात माझी पाच-सहा मशीनं तरी खपवली असतील. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"काय वं मैनाबाई, वटा तोडून राहिली म्हंते?"

मी म्हटलं, "कंपनीचं म्हणणं आहे तसं."

"मंग आमी बसाव कुठी?"

"आत खुर्च्या ठेवणार आहे ना."

"खुर्चीवर बसून काय भाव करता येते? खुर्चीवर बसवलं का मानूस पाहुना होते. पाहुन्यानं भाव कराव काय?"

कंपनीला हे इंग्रजीत कसं लिहायचं ते तू बघ.

मोर्शीचं राहू दे.

तुझी
मैना


अमरावती
२ मार्च १९५९

चि. मैनास आशीर्वाद.

पेढे वाटायचे तर आजच वाट. कंपनीकडून नकाशा आणि अंदाजपत्रक परत आलं. दोन्हीवर गोल शिक्का आणि साहेबाची सही. एक अक्षरही खोडलेलं नाही. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी ते बघितलं आणि मला म्हणाले, पंजाबराव वाहुरवाघ, खाजगी कंपनीने एवढ्या झटपट शिक्का मारला म्हणजे तुमचा कागदच तसा असला पाहिजे.

सुंदराबाईंचं मी अंदाजपत्रकात घातलं नाही. तसा रकाना नसतो.

आता वेळ दवडू नकोस. शिक्का झाल्यावर काम लांबवलं तर मंजूर पैसा परत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गवंडी बघ आणि भिंत उतरवायला लाग. कंपनीकडून रक्कम आठ-पंधरा दिवसांत येईल, ती आली की मला कळव. पावती कशी लिहायची ते मी सांगेन, नाहीतर तू काहीतरी चुकवशील.

तुझा
पंजाबराव

ता. क. बाई, मी ललिता लिहिते. हे पेढ्यांचं बोलतात पण स्वतः आणले नाहीत. मला तो नुसता शिक्का पाहून काही खरं वाटत नाही. सांभाळून करा.


अकोला
२९ मार्च १९५९

दादा,

भिंत पाडली. ओटाही गेला. पैसे आले नाहीत, आणि येणारही नाहीत.

नत्थुजी गवंड्याला लावून चार दिवसांत सगळं मोकळं केलं. मग मी कंपनीला रकमेसाठी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं ते असं, की नकाशा पसंत आहे, काम मुदतीत पुरं करावं आणि खर्चासंबंधी अकरावं कलम पाहावं. म्हणजे तू अंदाज काढून दिलास आणि त्यांनी तो वाचून म्हटलं, छान, करा.

तुझ्या खात्यात शिक्का पडला की मागोमाग पैसा येतो. यांच्याकडे शिक्का पडला की मागोमाग फक्त तारीख येते. हे तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही. वहिनींना मात्र कळलं होतं. मी तुझ्या एकट्यावर ढकलत नाही, कारण पहिली पहार मीच मारली. पण तीन प्रतींचं नाव आता काही दिवस माझ्यापुढे काढू नकोस.

दुकान समोरून उघडं बोडकं पडलं आहे. रात्री हे पुढेच खाट टाकून झोपतात. दिवसा ऊन थेट आतपर्यंत येतं, म्हणून मी वाळ्याच्या ताट्या आणून पुढे टांगल्या आणि मुलींचा शिवणवर्ग त्यांच्या आड चालू ठेवला. पाणी मारलं की बरं वाटतं. बाया येतात, बसायला जागा शोधतात आणि विटांच्या ढिगावर पदर टाकून बसतात. परवा त्या ढिगावर बसूनच पातूरच्या एका बाईने मशीन ठरवलं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. यांच्यासमोर रडले नाही.

दोन महिने आहेत.

मैना


अमरावती
६ एप्रिल १९५९

चि. मैनास आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला सूर मला लागला. तरी मी म्हणतो, कंपनीची ही वागणूक रीतीला धरून नाही. शिक्का मारायचा आणि पैसा द्यायचा नाही, असं कुठे होतं? मी आजच पहिलं स्मरणपत्र टाकलं आहे. उत्तर नाही आलं तर दुसरं टाकतो. दुसऱ्याला सहसा येतं.

तोवर नवं बांधकाम सुरू करू नकोस. केलंस तर खर्च तुझा हे तू मान्य केलंस असं होईल.

मोर्शीच्या जागेचा छापील अर्ज सोबत आहे. मी तुझं नाव, वय, शिक्षण भरून ठेवलं आहे. फक्त सही पाहिजे. भिंत नसलेल्या दुकानात बसण्यापेक्षा हे काय वाईट?

तुझा
पंजाबराव

ता. क. बाई, स्मरणपत्र टाकल्यापासून हे जेवत नाहीत धड. तुमच्या दुकानाचं चित्र काढतात आन फाडतात. तुमी यांच्यावर राग नोका धरू. मोर्शीच्या कागदावर सही करायची का नाई ते तुमचं तुमी पाहा. मी असती तर केली नसती. ललिता.


अकोला
१५ मे १९५९

दादास जयभीम.

तुझ्या स्मरणपत्रांचं उत्तर स्वतः चालत आलं. कमलाकांत साहेब येऊन गेले, आणि तेही भर वैशाखात, दुपारच्या गाडीने. मागच्या खेपेला ते थंडीत आले होते. अकोल्याचं ऊन त्यांनी नुसतं ऐकलं होतं. स्टेशनापासून दुकानापर्यंत येईस्तोवर चेहरा लालबुंद झाला होता. ताटीच्या आड बसवलं, कांदा फोडून हुंगायला दिला, पन्हं दिलं, तेव्हा बोलायला लागले.

पहिलं वाक्य, "काम अजून उभं नाही?"

मी म्हटलं, "साहेब, काच जिथे लावायची त्या जागी एकदा उभे राहा. मग मी कामाचं बोलते."

ते उभे राहिले. पश्चिमेचं ऊन. मी आतूनच विचारलं, "इथे काचेमागे मशीन ठेवलं तर त्याचा रंग किती दिवस राहील?" ते लगेच आत आले. मग मीच त्यांना ओमप्रकाशशेठच्या दुकानी घेऊन गेले. काच इतकी तापली होती की हात लावायची सोय नव्हती. काचेमागचं लुगडं एका बाजूने लाल आणि एका बाजूने विटकं झालं होतं. आणि शेठजी स्वतः कुठे होते? मागच्या कोठारात गादी टाकून, पायाशी पाण्याची बादली घेऊन. साहेबांनी घाम पुसला आणि परत फिरले.

काचेचा विषय तिथेच संपला असं मला वाटतं. पण दुसराच निघाला. मुंबईहून त्यांच्याजवळ एक सांगावा होता. कंपनी सगळा खर्च करायला तयार आहे. भिंत, रंग, फर्निचर सगळं. बदल्यात जागा लांब मुदतीने कंपनीच्या नावे भाड्याने लिहून द्यायची. मी एजंट राहणार नाही, दुकानाची व्यवस्थापक होईन. महिन्याला पगार, वर भाडं. व्यवस्थापक कोण ठेवायचा ते मात्र कंपनी वेळोवेळी ठरवील.

साहेब म्हणाले, "मैनाबाई, तुमच्या डोक्याचा ताप जाईल. मी तुमच्याच भल्याचं सांगतो." आणि दादा, ते मनापासून म्हणाले.

मी म्हटलं, भावाला विचारून कळवते. मुदत त्यांनी महिनाभर वाढवून दिली. हे नुसते मशीनला तेल घालत बसले. तुझं मत दे.

मैना


अमरावती
१९ मे १९५९

चि. मैनास आशीर्वाद.

यात विचारायचं काय आहे? हो म्हण. परतीच्या टपालाने हो म्हण.

शेवटी झालं ना मी म्हणत होतो तेच! खर्च कंपनीचा. स्मरणपत्रं वाया गेली नाहीत. आणि वरून पगार. मोर्शीला न जाता तुला घरबसल्या नोकरी लागली. आपल्या घराण्यात बाईमाणसाला महिन्याचा पगार आजवर कोणी पाहिला होता? आईला हे बघायला मिळायला पाहिजे होतं.

भाडेपत्रावर सही करण्याआधी मला दाखव. मी शब्द न् शब्द तपासतो. उशीर मात्र करू नकोस. असे लोक पुन्हा विचारत नाहीत.

तुझा
पंजाबराव


अकोला
२७ मे १९५९

दादास जयभीम.

मी नाही म्हणून कळवलं.

आता पत्र खाली ठेवू नकोस, पुरतं वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खरंच हो लिहायला बसले होते. कागद घेतला, साहेबांचं नाव लिहिलं. आणि मग मनात आलं, पगार झाल्यावर ओट्याचं काय? विटांच्या ढिगावर बसलेल्या बायांना कोणी उठवलं तर मी त्याला काय सांगणार? भिंत कंपनीने बांधली असेल, रंग कंपनीचा असेल, तर कोणी बसावं आणि कोणी उठावं हे कंपनीच सांगेल. उद्या म्हणेल, व्यवस्थापक ओमप्रकाशशेठचा भाचा. तेव्हा सासऱ्यांच्या जागेतून पिशवी उचलून मीच बाहेर पडायचं, आणि जाताना भाड्याची पावती फाडून द्यायची.

पाच महिने मी भांडले की खर्च माझ्याकडे का. आणि तो माझ्याकडून काढून घेतात म्हटल्यावर मला धडकी भरली. मी बांधलं तर ते माझं. एवढी साधी गोष्ट, पण उघड्या दुकानात बसल्याशिवाय कळली नाही.

म्हणून लिहिलं, अकराव्या कलमाप्रमाणे सर्व खर्च मी करते. काच लावणार नाही, कारण साहेबांनी स्वतः पाहिलं आहे. ओटा पुन्हा बांधणार, आधीपेक्षा रुंद, वर पत्र्याची पडवी. कंपनीची पाटी आणि निळा रंग जिथे सांगाल तिथे. हे मान्य नसेल तर एजन्सी काढून घ्या, मी शिवणवर्ग आणि दुरुस्ती चालवीन, पण जागा लिहून देणार नाही. यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मले वाट्टे तू आठ दिवसांपासून हेच लिहून राहिली होती, फक्त कागद नव्हता." एवढंच. मग बाजारात गेले आणि नत्थुजीला बोलावून आणलं. तो पैसे दोन हंगामांत घ्यायला तयार आहे. पुढची दिवाळी कोरडी जाईल, जाऊ दे.

मला भीती वाटते, दादा. कंपनीने खरंच एजन्सी काढली तर काय, हे रोज पहाटे डोळ्यांपुढे येतं. पण सही करून झोप लागली असती असंही नाही.

मोर्शीचा अर्ज परत पाठवते. कोणा गरजू मुलीला दे. आणि मला तुझ्याकडून एकच पाहिजे. नवा नकाशा. एकाच प्रतीत चालेल. ओट्यावर पाणी साचू नये आणि पडवीचं पाणी बायांच्या अंगावर येऊ नये, असा. ते तुला येतं, मला येत नाही.

तुझी
मैना


अमरावती
४ जुलै १९५९

चि. मैनास आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. रजेचा महिना कसा गेला कळलं नाही. ललिता म्हणते, तुमचा रंग उडाला. मी म्हटलं, नत्थुजीबरोबर उन्हात उभं राहून दाखव.

तुझं नकाराचं पत्र वाचलं तेव्हा मी इतका संतापलो होतो की पाकीट फोडून तसंच अकोल्याची गाडी धरली, ते तुला समजावायला. तिथे आलो तर नत्थुजी ओट्याचा पाया धरत होता, आणि धरत होता चुकीचा. पाणी भिंतीकडेच उतरलं असतं. मग समजावणं राहून गेलं आणि मी दोरी हातात घेतली. मैना, वीस वर्षं मी भिंतींचे कागद करतो आहे. भिंत कशी वर येते हे समोर उभं राहून मी पहिल्यांदाच पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण ओट्याची पहिली पातळी बरोबर आली तेव्हा मला हेडक्लार्कच्या शाबासकीपेक्षा बरं वाटलं.

कंपनीने तुझी योजना मान्य केली हे तुझ्या कार्डावरून कळलं. कमलाकांतांनी शिफारस केली म्हणतेस. त्या माणसाला मी उगाच स्मरणपत्रं लिहिली.

आता एक गोष्ट, जी मी तिथे तोंडाने बोललो नाही. तू मला भिंतीवर उठावाची अक्षरं काढून द्यायला सांगितलीस, सिमेंटची, कंपनीच्या पाटीखाली. मी दोन कागद पाठवतो आहे. एकावर नुसतं 'मैनाबाई' आहे. दुसऱ्यावर पूर्ण नाव, 'मैना श्रावण खंडारे'. माझं ऐकशील तर पहिला वापर. मी अमरावतीत खोली शोधली तेव्हा आडनाव सांगितलं की खोली नुकतीच गेलेली असायची. गिऱ्हाईक सगळ्या जातीचं असतं. पत्र्याची पाटी काढता येते, भिंतीवरची अक्षरं निघत नाहीत. आणि ही मुंबईची माणसं पुढे काय म्हणतील, कोण जाणे.

हे भ्याल्यासारखं वाटेल. भ्यालोच आहे. तुझ्यासाठी.

तुझा
पंजाबराव


अकोला
१४ नोव्हेंबर १९५९

दादास जयभीम.

हंगाम सुरू झाला, ओटा भरलेला असतो, म्हणून चार ओळी लिहायला फुरसत नव्हती. पण कालचं आजच लिहिलं पाहिजे, नाहीतर मला चैन पडायचं नाही.

काल कमलाकांत साहेब आले. सोबत मुंबईचे मोठे साहेब. दोघं रस्त्यापलीकडे उभे राहून दुकान बघत होते. ओट्यावर सुंदराबाई आणि तेल्हाऱ्याच्या चौघी-पाचजणी, उघड्या मशीनवर त्यांची नवी सून शिवून बघत होती, पडवीत माझ्या वर्गाच्या मुली. वर निळी पाटी. तिच्याखाली भिंतीत तुझी अक्षरं.

मी दुसरा कागद वापरला, दादा. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आणखी एक पत्र लिहिलं असतंस आणि मी कदाचित ऐकलं असतं.

मोठे साहेब ओट्याजवळ आले. काम चांगलं झालं म्हणाले, पडवीचं कौतुक केलं. मग अक्षरांकडे बोट करून कमलाकांतांना इंग्रजीत काहीतरी बोलले आणि माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "बाई, हे नाव एवढं ठळक नको. आडनाव तर नकोच. इथे सगळ्या प्रकारची माणसं येतात, कोणाला काय वाटेल सांगता येत नाही. यावर आमचा एक मोठा फलक ठोकून देऊ. अगदी फुकट."

सुनेनं मशीनचं चाक हाताने धरलं. सुंदराबाईंना आडनाव आधीपासून माहीत होतं, पण इतरांना ते असं कोणी बोट दाखवून सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता यातली एक जरी उठून गेली तर तू म्हणत होतास ते खरं. कोणी उठलं नाही.

मी म्हटलं, "साहेब, फलक ठोकायचा कशात?"

"या भिंतीत."

"ही भिंत कोणाची?"

ते जरा हसले. "दुकान आमच्या कंपनीचं आहे, बाई."

"मशीन कंपनीचं. पाटी कंपनीची. मी भिंतीचं विचारते. कमलाकांत साहेबांना विचारा, कलम त्यांना पाठ आहे."

मोठ्या साहेबांनी कमलाकांतांकडे पाहिलं. ते खाली ओट्याकडे बघत होते. वैशाखात कांदा हुंगत बसले होते तीच जागा. मला वाटलं, नोकरीचा माणूस, आता काहीतरी गुळमुळीत बोलेल. त्यांनी घसा साफ केला.

"इमारतीचा, दुरुस्तीचा आणि सजावटीचा सर्व खर्च एजंटाचा," ते म्हणाले. "कलम अकरा. भिंत बाईंची आहे, सर."

मोठ्या साहेबांनी घड्याळात पाहिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. एजन्सीवर याचा काही परिणाम होईल का, मला माहीत नाही. होईलही. झाला तर तेव्हा बघू.

ते वळले आणि सुंदराबाई म्हणाल्या, "काहून वं, थांबली काहून? चालव ना मशीन." सुनेनं चाक सोडलं.

मी आत गेले आणि पहिल्यांदा रडले, यांच्यासमोर. हे म्हणाले, रडून घे, मग भाव ठरवायला बाहेर ये, त्या बाया खोळंबल्यात.

नत्थुजीचे पैसे अजून अर्धे द्यायचे आहेत. ते देईन. तू वहिनींना घेऊन ये आणि आल्यावर आधी रस्त्यापलीकडे उभा राहा. तुझी अक्षरं तिथूनही वाचता येतात.

तुझी बहीण
मैना श्रावण खंडारे